उजव्या कोपऱ्यात कोणी नसतं

१

२३ नोव्हेंबर १९४३, मंगळवार. ढगाळ. वायव्येचा बोचरा वारा, सरोवर राखी रंगाचं, लाटा फार उंच नाहीत. कठड्यावर उडालेलं पाणी जागच्या जागी गोठत होतं. सूर्य दिवसभर दिसला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

उजाडताना आमचं जहाज शिकागोच्या धक्क्यावरून सुटलं. पूर्वी हे सहलीचं जहाज होतं. नवी लग्न झालेली जोडपी यातून सरोवर पार करायची आणि खालच्या दालनात बँड वाजायचा. युद्ध लागल्यावर नौदलाने वरचे मजले कापून काढले आणि त्या जागी लाकडी फळ्यांचा लांब सपाट डेक बसवला. बाजूची मोठी चाकं तेवढी राहिली. ती पाणी घुसळायला लागली की फळ्या पायाखाली सारख्या थरथरतात.

डेकच्या मागच्या टोकाला डावीकडे एक छोटा चबुतरा आहे. मी तिथे उभा असतो. पाठीशी वारा अडवायला कॅनव्हासचा पडदा, बाजूला खाली सुरक्षेची जाळी. दोन्ही हातांत एकेक पॅडल: टेनिसच्या रॅकेटएवढी चौकट आणि तीत नारिंगी कापडाच्या पट्ट्या. डॉन्टलेस जातीचा डाइव्ह बॉम्बर डावीकडे वळत वळत डेकच्या शेपटाशी येतो, तेव्हा वैमानिकाला स्वतःच्या इंजिनाच्या नाकापलीकडचं काही दिसत नाही. डावीकडून मान बाहेर काढून तो माझ्याकडे बघतो. माझे हात आडवे असले तर सगळं ठीक. वर गेले तर तू उंच आहेस, खाली आले तर फार खाली. हे झाले सल्ले. दोन इशारे मात्र हुकूम असतात. उजवं पॅडल गळ्यावरून आडवं ओढलं की 'उतर'. वैमानिकाने त्या क्षणी इंजिनाचा जोर तोडायचा, मग विमानाच्या शेपटाचा आकडा डेकवर ताणलेल्या तारेत अडकतो. दोन्ही पॅडल डोक्यावर हलवली की 'परत जा'. मग पूर्ण जोर देऊन निघून जायचं. या दोन्हींपुढे वाद नसतो.

प्रत्येकाची आठ लँडिंग नीट झाली की पोरगा पॅसिफिकवर जायला मोकळा. मागच्या सीटवर गोळंदाजाऐवजी वाळूची पोती बांधतात, कारण शिकताना पाण्यात जायचंच तर एकाने जावं, दोघांनी कशाला?

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. आयोवात पिकांवर औषध फवारता फवारता उडायला शिकलो. पुस्तकं मागून आणली आणि इंजिन स्वतःच समजून घेतलं. लढाईवर जायचं माझं वय उलटून गेलं आहे. पण शेवटचे ते पंधरा-वीस सेकंद येणाऱ्या पोराला जगात माझ्याशिवाय दुसरं कोणी नसतं. आई नसते, मैत्रीण नसते. त्या सेकंदांसाठी मी या थंडीत उभा राहतो.

आज दुपारी अलाबामाच्या फेनविकने आठवं लँडिंग केलं. फार सुंदर केलं. विमानातून उतरला आणि वाऱ्यात वाकून माझ्याकडे धावत आला.

"थँक यू, पॅडल्स!" माझं काम करणाऱ्याला सगळ्या जहाजांवर हेच नाव असतं. "आणि त्या दुसऱ्यांनाही सांगा हं."

"कोणत्या दुसऱ्यांना?"

"उजव्या कोपऱ्यातल्या. शेवटी शेवटी मी त्यांच्याकडेच बघत होतो. खोटं कशाला बोलू? त्यांचे हात जास्त स्पष्ट दिसतात."

एवढं बोलून तो हसत कॉफी प्यायला खाली गेला.

उजव्या कोपऱ्यात कोणी नसतं. तिथे चबुतराच नाही. नुसता साखळीचा कठडा आहे आणि खाली पाणी.

२

माझ्या शेजारी ड्युबेक उभा असतो. येणाऱ्या विमानाचा आकडा, चाकं आणि पंखांमागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, खाली आहेत की नाहीत हे तो मला ओरडून सांगतो. तो शिकागोचाच, पोलिश, माझ्या वयाचा. बायकोने दिलेलं सॉसेज कोटाच्या खिशात घेऊन येतो आणि दिवसभर थोडं थोडं खातो.

"ऐकलंस का रे, तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"ऐकलं ना. साहेब, त्याने आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघितलाय. कोपऱ्यात सांताक्लॉज दिसला नाही हेच नशीब समजा."

"त्याला हात दिसले म्हणे."

"सांताक्लॉजलाही असतात."

मी हसलो. पण आधी मनाशी सावलीचा हिशेब करून झाला होता. सूर्य डावीकडे असता तर माझी सावली डेकवरून उजवीकडे पडली असती. पण सूर्यच नव्हता. शिवाय दुसरी गोष्ट जास्त अडत होती. डावीकडे वळत येणाऱ्या डॉन्टलेसमधून, त्या लांबलचक नाकामुळे, डेकचा उजवा कोपरा दिसतच नाही. फेनविकला तिथे जत्रा भरली असती तरी दिसली नसती.

त्यानंतर आलेल्या विमानांच्या वैमानिकांकडे मी नीट बघितलं. एरवी मी पंख बघतो, नाकाचा कोन बघतो. आज गॉगल बघितले. गॉगलच्या काचा माझ्याकडे वळलेल्या असतात, दरवेळी. आज त्या काचांत मी नव्हतो. माना उजवीकडे होत्या.

एक जण जरा उंच आला. मी हात वर न्यायच्या आत तो खाली आलेला होता. पुढचा हळू आला. मी पॅडल हलवायच्या आत त्याच्या इंजिनाचा आवाज चढला होता. माझा प्रत्येक इशारा उशिरा पोचत होता, आधीच सुधारलेल्या चुकीवर. दोघेही डेकच्या मधोमध, पिसासारखे टेकले.

मला आनंद व्हायला हवा होता. घरी यावं, दारातच आतून बायकोचं हसणं ऐकू यावं आणि आपण शिरताच ते थांबावं, तसं काहीतरी वाटलं. माझं लग्न झालेलं नाही. पण वाटलं ते तसंच.

३

२४ नोव्हेंबर, बुधवार. ढगाळ. वारा सकाळी चांगला, दुपारी पडला.

आज एमेट लिंडक्विस्ट आला. त्याच्याबद्दल थोडं लिहायला हवं. मिनेसोटाचा, एकवीस वर्षांचा, लांब मानेचा. किनाऱ्यावरच्या मैदानात धावपट्टीवर डेकचा आकार रंगवलेला आहे. तिथे मी त्याला सहा आठवडे शिकवलं. तो मुळात वाईट वैमानिक नाही, पण विचार फार करतो. गेल्या खेपेला जहाजावर आला तेव्हा सारखा 'परत जा' दाखवावा लागला आणि एकही लँडिंग झालं नाही. त्याला मालवाहू विमानांवर पाठवायचं ठरलं होतं. मी कॅप्टनकडे गेलो. माझ्या जबाबदारीवर एकदा, शेवटचं, असं म्हणालो. एरवी मी कोणासाठी असा शब्द टाकत नाही.

मैदानावर असताना तो रोज संध्याकाळी माझ्यासोबत कँटीनमध्ये चेरी पाय नावाचा गोड पदार्थ खायचा. ताटाच्या दोन्ही बाजूंना दोन चमचे धरायचा आणि इशारे करून दाखवायचा.

"हे काय?"

"मी खाली आहे."

"आणि हे?"

"पॅडल्सना अजून चेरी पाय हवाय."

एकच गोष्ट त्याच्या हातात बसत नव्हती. 'परत जा' मिळालं की तो इंजिनाला जोर देणारा दांडा, थ्रॉटल, एकदम पुढे ढकलायचा. लँडिंगच्या मंद वेगात इंजिनाला असा धक्का दिला की डॉन्टलेस डावीकडे कलंडतं. उजवा पाय दाबून धर आणि जोर हळू दे, हे मी त्याला शंभरदा सांगितलं. म्हणून त्याला तो इशारा द्यायचाच झाला तर लवकर द्यायचा, विमान दूर असतानाच, हे मी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

आज त्याची गरजच पडली नाही. चार लँडिंग झाली, चारही निर्दोष. फेनविकपेक्षा चांगली. मग वारा पडला; समोरून वारा नसला की उतरायला डेक पुरत नाही, म्हणून काम थांबवावं लागलं. उरलेली चार उद्या.

मी चबुतऱ्यावरून अक्षरशः धावलो. त्याच्या पाठीवर थाप मारली.

"पोरा! अरे, कुठे लपवून ठेवलं होतंस हे?"

त्याने गॉगल काढले. तो खूश होता, पण माझ्या डोळ्यांत बघत नव्हता.

"पॅडल्स, तुम्ही रागावणार नाही ना?"

"कशाला रागावू?"

"मी तुमच्याकडे बघतच नव्हतो. उजवीकडच्यांकडे बघत होतो."

वारा पडलेला होता, तरी माझे कान दुखायला लागले.

"तिथून तुला दिसतो तो?"

"दिसायला नको खरं तर. माहितीय मला." तो गॉगलची पट्टी बोटाभोवती गुंडाळत राहिला. "तुमच्याकडे बघितलं की मी विचार करतो. पॅडल्सना काय वाटेल, आता चुकलो तर... असं सगळं. त्यांच्याकडे बघितलं की हात आपोआप हलतात."

"दिसतो कसा?"

"तुमच्यासारखेच. कोटही तसाच. फक्त ते घाई करत नाहीत."

"मी घाई करतो?"

"नाही, नाही. तसं नाही म्हणायचं मला." आणि मग चेहरा लाल करून म्हणाला, "थोडीशी."

४

२५ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंगचा सण. ढगाळ. रात्री बर्फाची भुरभुर, सकाळी वारा पुन्हा चांगला.

उजाडताना डेकवर पांढरा थर होता. खलाशी फावड्याने तो खरवडत होते. ड्युबेक उजव्या कोपऱ्याशी उभा होता. मला बघून तिथून निघाला आणि माझ्या अंगावरून जाताना म्हणाला, "साहेब, तिथे जाऊ नका. उगाच."

मी गेलो. कठड्यापर्यंत सगळं पांढरं. कोपऱ्यात साखळीला लागून दोन जागा तेवढ्या मोकळ्या होत्या. दोन बुटांएवढ्या, थोड्या फाकलेल्या, मी पाय फाकून उभा राहतो तशा. तिथलं लाकूड कोरडं होतं. खाली वाफेचा नळ जात असेल, असं म्हणून मी खाली इंजिनखोलीत जाऊन विचारलं. त्या टोकाला नळ नाही. मग लाकूड तिथे जुनं असेल, तेलकट असेल. मी परत वर आलो आणि त्या दोन जागांवर माझे बूट ठेवले. नीट बसले. मान वर केली. तिथे उभं राहिलं तर विमान येतं ती दिशा बाजूला पडते. समोर सरळ येतो तो माझा चबुतरा.

लिंडक्विस्टची पाळी उशिरा होती. आधी आलेल्या विमानांवर मी एक गोष्ट करून पाहिली. हात आडवे केले आणि तसेच ठेवले. सल्ला नाही, काही नाही. फक्त 'ठीक, ठीक, ठीक'. पहिला खाली आला होता. तो आपणच वर आला. आपणच सरळ झाला. शेवटी मी 'उतर' दाखवायच्या आधीच त्याचं इंजिन गप्प झालं, आकडा तारेत अडकला आणि विमान उभं राहिलं.

"साहेब," ड्युबेक हळूच म्हणाला, "तुम्ही हललाच नाहीत."

"मग तो उतरला कसा?"

"मला विचारू नका. मी आकडा बघतो, चाकं बघतो, फ्लॅप बघतो. बाकी बघायचा मला पगार नाही."

"तू बघितलंयस काही?"

त्याने खिशातलं सॉसेज काढलं, बघितलं आणि न खाता परत ठेवलं. "माझी मान त्या बाजूला वळत नाही. सोमवारपासून. लचकलीय असं घरी सांगितलंय."

तेवढ्यात चबुतऱ्यावरचा फोन वाजला. वरून, जहाज हाकतात त्या ब्रिजवरून, कॅप्टन बोलत होते.

"पॅडल्स, हा आठवडा तुमचा! आजवर अशी लँडिंग या जहाजावर झाली नाहीत. काय जादू करताय?"

"काही नाही, सर," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"नम्रपणा पुरे. संध्याकाळी टर्कीचा पाय तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगतो."

फोन मी आपटूनच ठेवला. भीती असती तर मला कळली असती. ती मला ओळखीची आहे. ही दुसरी गोष्ट होती. मी वर्षभर या चबुतऱ्यावर उभा आहे. माझ्या समोर पोरं पाण्यात पडली, त्यांतली काही बाहेर आली, काही नाही. एवढ्या सगळ्यातून मी जे शिकलो ते कोणीतरी तिथे, जिथे उभं राहायला जागा नाही तिथे, माझा कोट घालून, माझ्यापेक्षा बरं करत होतं. आणि पोरांना ते बरं वाटत होतं.

५

पाळी येण्याआधी लिंडक्विस्ट मला भेटला. त्याचं विमान डेकवर होतं. इथूनच उडायचं आणि इथेच उतरायचं, चार वेळा.

"एमेट, आज माझ्याकडे बघायचं."

त्याने गॉगलची काच बाहीने पुसली.

"मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. त्याने नाही."

"हो, पॅडल्स." मग म्हणाला, "पण चार राहिलीत. ती झाली की मी सुटलो. झाल्यावर बघितलं तुमच्याकडे तर चालणार नाही का?" तो गंमत करत होता. मी हसलो नाही तेव्हा त्याचंही हसू गेलं. "बघतो. तुमच्याकडेच बघतो. तुम्ही सांगाल ते."

पाचवं लँडिंग. गॉगल उजवीकडे. निर्दोष.

सहावं. गॉगल उजवीकडे. विमान जवळून जाताना मी त्याचं नाव घेऊन ओरडलो. इंजिनाच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? ड्युबेकने ऐकलं.

"साहेब, पोरगा छान उतरतोय. उतरू द्या ना."

"तो माझ्याकडे बघत नाहीये."

"मग काय झालं? बाजारात जायचं तर ट्रामने काय नि चालत काय!"

सातवं. उजवीकडे. मी पॅडल गळ्यावरून ओढलं तेव्हा विमान टेकून झालं होतं.

आठव्यासाठी तो वळला तेव्हा मला एकच विचार होता, आणि तो मी जसा होता तसा लिहितो: हा उतरला की गेला. उद्या पॅसिफिकला जाईल, तिथल्या पोरांना सांगेल की आमच्या जहाजावर उजव्या कोपऱ्यात एक जण होता. माझं नाव निघणार नाही.

"आकडा खाली, चाकं खाली, फ्लॅप खाली," ड्युबेक म्हणाला.

विमान येत होतं. इतकं सरळ मी मैदानावरही पाहिलं नव्हतं. पंख रेघेत, नाक जिथे हवं तिथे, वेग बरोबर. सांगण्यासारखं काही नव्हतं. मी हात आडवे धरून उभा होतो आणि ते वाढत वाढत पुढे येत होतं. काचेआडचं लांब मानेचं डोकं माझ्याकडून दुसरीकडे वळलेलं होतं. दूर असताना इशारा द्यायची वेळ निघून गेली. जवळ असतानाचीही निघून गेली.

मी दोन्ही पॅडल डोक्यावर नेली आणि हलवली. परत जा. परत जा.

त्याचं डोकं वळलं. गॉगलच्या दोन्ही काचा माझ्याकडे आल्या. त्याने मला बघितलं. मला स्पष्ट कळलं की त्याने मला बघितलं, आणि सबंध आठवड्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

त्याच वेळी, विमानाच्या पंखाखालून, डेकच्या उजव्या कोपऱ्यात नारिंगी पट्ट्या हलल्या. एक हात सावकाश गळ्यावरून आडवा जात होता. माझ्यासारखाच कोट. कॉलर वर केलेली. त्याला विमानाकडे बघायची गरज नव्हती. तो माझ्याकडे बघत होता.

६

लिंडक्विस्टने थ्रॉटल पुढे ढकलला. विमान डेकच्या कडेवर असताना डावीकडे कलंडलं. ड्युबेकने मला ढकललं आणि आम्ही दोघेही जाळीत पडलो. डावा पंख चबुतऱ्याला लागला, कॅनव्हासचा पडदा घेऊन गेला, आणि विमान उलटं होऊन पाण्यात पडलं. माझं उजवं मनगट मोडलं; हे डाव्या हाताने लिहितो आहे. ड्युबेकला काही झालं नाही.

आम्ही दोघे जाळीत, चबुतऱ्यावर कोणी नाही, आणि मागून येणारं विमान येऊन नीट उतरलं.

विमान बुडायला दीड मिनिट लागलं. मागून येणारी बचाव नौका त्याआधी पोचली होती, पण ते उलटं होतं. सीटचे पट्टे कापून लिंडक्विस्टला बाहेर काढलं, तेव्हा तो मेलेला होता. वाळूची पोती विमानाबरोबर खाली गेली. त्याच्या नावावर सात लँडिंग लागली. आठवं लागलं नाही.